गाळलेल्या चार ओळी

कालव्याच्या काठानं आम्ही तीन मैल चालून आलो होतो आणि मिस वर्लीन अजून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

एरवी लँडिंग लेनचा पूल मागं पडला की त्यांचे हात कोटाच्या खिशात जातात, त्यांच्या ओळींची कार्डं बाहेर निघतात, मी पिशवीतून माझी वही काढते, आणि त्या म्हणतात, "चल मिस रमा, कर मला अटक." कारण त्यांच्यासमोर वाचायला माझ्या वाट्याला बहुतेक वेळा पोलीसच येतो. कधी डॉक्टर, एकदा न्यायाधीश. काल मात्र ना कार्डं निघाली, ना वही. एप्रिलचं ऊन होतं, वाटेवर आदल्या दिवशीच्या पावसाचा चिखल होता, पाण्यात पडलेल्या ओंडक्यावर कासवं एकामागं एक बसली होती. एरवी मिस वर्लीन ती मोजतात. काल त्यांनी मानही वळवली नाही.

गुरुवारी न्यूयॉर्कला त्यांची ऑडिशन होती, टीव्हीच्या एका मालिकेसाठी. पाच भागांचं काम, आणि मुख्य म्हणजे त्यातल्या बाईला नाव होतं. गेल्या नऊ वर्षांत त्यांच्याकडं असं काम आलं नव्हतं. ऑडिशन कशी झाली ते त्या सांगत नव्हत्या आणि मला विचारायचा धीर होत नव्हता. त्यांच्यासाठी पानं उतरवताना मी एक गोष्ट केली होती. ती त्यांना गुरुवारी कळली असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती गोष्ट समजायची तर आधी मिस वर्लीन कोण, ते सांगायला हवं.

वर्लीन गॅस्किन्स आणि मी पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटीच्या एकाच डायनिंग हॉलमध्ये काम करतो. मी आत फळं आणि सॅलड कापते. त्या दारात उंच स्टुलावर बसून मुलांची जेवणाची कार्डं मशीनमधून सरकवतात. वय चोपन्न, वर्णानं काळ्या. माझ्यापेक्षा वीतभर उंच, पाठ ताठ, आणि रविवारी चर्चला जाताना अशा टोप्या घालतात की मागच्या बाकावरच्या माणसाला पाद्री दिसत नसेल. हे मी त्यांना एकदा म्हटलं तर म्हणाल्या, पाद्री ऐकायचा असतो, टोपी बघायची असते. वयानं मोठ्या बाईला नावाआधी 'मिस' लावायची ही त्यांच्या दक्षिणेकडची रीत, आपल्या ताई-मावशीसारखी. मी दहा वर्षांनी लहान, तरी मलाही त्यांनी पहिल्या महिन्यापासून मिस रमा केलं.

मुलाचं कार्ड हातात आलं की त्यावरचं नाव वाचून त्या नावानं गुड मॉर्निंग म्हणतात. आपल्याकडची, चिनी, नायजेरियातली, कसलीही नावं येतात. उच्चार येत नसेल तर त्या रांग थांबवतात आणि विचारतात, तुझी आई कसं म्हणते? मागची मुलं चुळबुळतात. त्यांना काही फरक पडत नाही. ताटात अन्न टाकणाऱ्या मुलांनाही त्या नावानंच झापतात, आणि ते जास्त लागतं.

आता एक लाजेची गोष्ट. आम्ही नव्वद साली इथं आलो. मिस्टरांना, दादारावांना, लॅबमध्ये नोकरी होती, मुलगी रोशनी आठ वर्षांची होती, आणि मी दिवसभर अपार्टमेंटमध्ये एकटी. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, इंग्रजी फक्त कागदावरचं. कानाला सवय व्हावी म्हणून सकाळपासून टीव्ही लावून ठेवायची. त्यात काळी माणसं दोनच ठिकाणी दिसायची. एकतर सगळे हसतायत अशा कार्यक्रमांत, नाहीतर बातम्यांत आणि पोलिसांच्या मालिकांत हातात बेड्या घालून. वर्षभर मी ते पाहिलं. बाहेर कुणाशी बोलणं नव्हतं, तेव्हा हेच माझं शिक्षण झालं.

मग ही नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली आणि बस चुकली. मिस वर्लीननी गाडी थांबवून विचारलं, सोडू का? मी म्हटलं, मिस्टर येतायत. कुणी येत नव्हतं. मी पर्स छातीशी धरून दोन मैल चालत घरी गेले. बुद्धवंदना म्हणणारी बाई मी. माझ्या आजीला गावात कुणी नावानं हाक मारली नव्हती, जातीनंच मारली, आणि हे ऐकत मी वाढलेली. तरी मी पर्स छातीशी धरली.

वर्षभरानं, आमची ओळख चांगली झाल्यावर, मिस वर्लीन एकदा, मी कांदा चिरत असताना, सहज म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुझ्यामागून हळूहळू गाडी चालवत होते. घसरून पडशील म्हणून. टीव्ही फार बघत होतीस ना तू?" मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "मीच असते त्यात. कधी कधी."

तेव्हा मला कळलं की त्या नटी आहेत.

पस्तिसाव्या वर्षी नवरा गेला. मूल नव्हतं. संध्याकाळ खायला उठते म्हणून त्या न्यू ब्रन्सविकला एका चर्चच्या तळघरात नाटक बसवत होते तिथं पडदे शिवायला गेल्या. एक बाई आजारी पडली तर तिच्या जागी उभ्या राहिल्या, आणि मग पडद्यांचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागलं. तिथले म्हातारे मास्तर त्यांचे गुरू. ते आता नाहीत. मग न्यूयॉर्कला ऑडिशनच्या फेऱ्या सुरू झाल्या. सुटी घेऊन सकाळची गाडी पकडायची, चाळीस बायकांच्या रांगेत बसायचं, तीन मिनिटं उभं राहायचं, संध्याकाळच्या जेवणाच्या पाळीला परत दारातल्या स्टुलावर. सत्त्याऐंशीपासून अकरा वेळा त्या टीव्हीवर आल्या. तीन वेळा नर्स होत्या. चार वेळा पोरगा मेला म्हणून पोलीस स्टेशनात रडणारी आई होत्या. एकदा बसमधली बाई, एकदा ज्यूरीतली, एकदा हॉटेलात खोल्या झाडणारी. अकराव्यांदा काय होत्या ते त्यांना स्वतःलाही नीट कळलं नाही, कारण फक्त हात दिसले.

पहिली नर्स टीव्हीवर येणार होती तेव्हा मी आमच्याकडच्या चार घरांना बोलावलं, पोहे केले. एडिसनहून त्र्यंबककाका आले होते. मिस वर्लीन पडद्यावर आल्या, म्हणाल्या, "डॉक्टर येतायत," आणि गेल्या. त्र्यंबककाका हातातली बशी तशीच धरून म्हणाले, "आता डॉक्टर आले की ह्या परत येतील का?" डॉक्टर आले. त्या आल्या नाहीत. सोफ्यावर मिस वर्लीन सगळ्यांत जास्त हसल्या आणि आणखी पोहे घेतले.

त्यांची आई, मिस आर्लीथा, नदीपलीकडं वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये असतात. वय एक्क्याऐंशी. पाय गेलेत, डोकं शाबूत आहे. दिवसभर टीव्ही बघतात आणि टीव्हीतल्या लोकांशी भांडतात. मुलगी दिसणार असली की शेजारच्या खोल्यांतल्या बायकांना बोलावून ठेवतात, आणि कार्यक्रम संपल्यावर नावांची पट्टी संपेपर्यंत कुणाला उठू देत नाहीत. एकदा मी तिथं होते. पट्टीवर आलं: नर्स, आणि पुढं वर्लीन गॅस्किन्स.

मिस आर्लीथांनी विचारलं, "आणि तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं, ममा?"

"त्या नर्सचं."

"तिला नाव नव्हतं."

"आईबापांनी काहीतरी ठेवलंच असेल की."

तेव्हापासून मिस वर्लीन आपल्या प्रत्येक बिननावाच्या बाईला स्वतः नाव ठेवतात आणि ते कार्डाच्या मागं लिहितात. ती नर्स डॉरिस होती. बसमधली बर्नाडीन. खोल्या झाडणारीचं नाव त्यांनी ऑगस्टा ठेवलं, कारण त्या बाईला निदान भारदस्त काहीतरी मिळायला हवं होतं. हे फक्त त्यांना, त्यांच्या आईला आणि मला माहीत. पण आईचं समाधान होत नाही. म्हणतात, तू ठेवलेलं नको, त्यांनी ठेवलेलं हवं. मला पट्टीवर वाचायचंय. मग देवानं केव्हाही न्यावं.

मिस आर्लीथांचं हृदय आता थकलंय, हे डॉक्टरनी फेब्रुवारीतच सांगितलं आहे.

मी वाचायला कशी लागले तेही सांगते. मिस वर्लीनच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. फॅक्सवरचं बारीक, पुसट अक्षर त्यांना लागत नाही. शिवाय त्यांच्या मास्तरांची एक शिकवण होती: समोरच्याच्या ओळी स्वतः वाचायच्या नाहीत. खऱ्या आयुष्यात समोरचा काय बोलणार ते आपल्याला आधी लिहून मिळत नाही, तर नाटकात कशाला. दुसऱ्याकडून ऐकायच्या आणि उत्तर द्यायचं. म्हणून डायनिंग हॉलच्या ऑफिसात पानं आली की त्या न बघता माझ्या हातात देतात. मी घरी त्यांच्या ओळी कार्डांवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिते आणि समोरच्याच्या ओळी माझ्या वहीत देवनागरीत. इंग्रजी लिपीत वाचताना मी अडखळते, देवनागरीत नाही. 'मॅम, आय ॲम गोइंग टू नीड यू टू सिट डाउन.' असं. रोशनी एकदा ऐकून म्हणाली, "आई, यू साउंड लाइक द ट्रेन अनाउन्समेंट." मी ते मिस वर्लीनना सांगितलं. त्या म्हणाल्या, ऑडिशनला समोर बसून वाचणारे असंच वाचतात, फक्त तुझ्याइतकं स्पष्ट नाही. मग कालव्याच्या काठानं चालत चालत आम्ही पाठांतर करतो. चालताना शब्द पायांत बसतात, म्हणतात त्या.

ऑडिशनच्या आधीच्या शुक्रवारी पाच पानं आली. मिसेस एडना प्रूइट. पहिल्याच पानावर पूर्ण नाव, आणि पुढं लिहिलेलं, निवृत्त शिक्षिका. मी ते मिस वर्लीनना वाचून दाखवलं तर त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं, आणि तेवढ्या एका ओळीवरून बोट फिरवलं. मग पान परत दिलं. म्हणाल्या, "ममाला अजून सांगू नकोस."

रविवारी सकाळी मी मेणबत्ती लावली, त्रिशरण पंचशील म्हटलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसले. प्रसंग असा होता: मिसेस प्रूइट नातवाची चौकशी करायला पोलीस स्टेशनला जातात. समोर सार्जंट. सुरुवातीला तो बसा म्हणतो, वेळ लागेल म्हणतो. मग चार ओळी होत्या. एक त्यांच्या टोपीबद्दल. एक नातवाबद्दल. तिसरी अशी होती: तुम्हा लोकांना मोजता तरी येतं का, आजी? पोरं किती आणि त्यांचे बाप किती? चौथीत एकच शब्द होता, त्यांच्या लोकांना हिणवायला वापरतात तो. यावर मिसेस प्रूइट म्हणतात, "मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे."

पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले. माझ्या तोंडून हे मिस वर्लीनच्या तोंडावर जाणार होतं. नुकतंच मी वाणी शुद्ध ठेवीन म्हटलं होतं. दादाराव चहाला आले, मी त्यांना विचारलं नाही. त्या चार ओळी मी गाळल्या. पण गाळल्यावर पुढचं उत्तर जुळेना. कुणी काही म्हटलंच नाही तर बाई एकदम गणिताचं कशाला काढेल? म्हणून मी सार्जंटच्या तोंडी माझाच एक प्रश्न घातला: आणि आपण काय करत होता, मॅडम?

सोम, मंगळ, बुध, तीन संध्याकाळी आम्ही ते पाठ केलं. मी विचारायची, आपण काय करत होता, मॅडम? आणि मिस वर्लीन हलक्या, जरा अभिमानाच्या आवाजात सांगायच्या, "मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे." कुणी लग्नघरात ओळख करून द्यावी तशा. मंगळवारी त्या पुलाजवळ थांबून म्हणाल्याही, "हा पोलीस फार सभ्य लिहिलाय गं. लिहिणारे सुधारले वाटतं." मी वहीतली पुढची ओळ वाचली. तेव्हा सांगता आलं असतं. बुधवारीही आलं असतं.

तर काल शनिवारी, असं तीन मैल मुकाट्यानं चालून आल्यावर, जुन्या लॉकपाशी आम्ही पोचलो. बोटी वरखाली करायला तिथं पूर्वी पाण्याची दारं होती. आता एक लाकडी तुळई उरली आहे, तिच्यावर बसता येतं. मिस वर्लीन बसल्या. बुटाचा चिखल गवताला पुसला. मग म्हणाल्या, "चार ओळी होत्या."

"हो," मी म्हटलं.

"आधी मला वाटलं त्यांनी रात्रीतून पानं बदलली. बदलतात ते. मग त्या वाचणाऱ्या बाईच्या हातातला कागद पाहिला. वर त्याच शुक्रवारची तारीख होती. आपलाच फॅक्स." मग म्हणाल्या, "आपण काय करत होता, मॅडम. माझं अख्खं आयुष्य या देशात गेलं मिस रमा, असा पोलीस मला भेटला नाही. तुला कुठं सापडला?"

त्यांच्या आवाजात हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं. मी माफी मागितली. मग शीलाचं सांगितलं, की वाईट वाणी तोंडून काढायची नाही असं मी रोज म्हणते, म्हणून. त्या म्हणाल्या, येशूचंही तेच म्हणणं आहे. पण ते बोलणं तुझं नव्हतं, सार्जंटचं होतं. आणि तू घातलेला प्रश्न कुणाचा होता?

खोटं बोलू नये हेही त्याच शीलात आहे, किंबहुना तेच आधी आहे, हे मला रविवारीही माहीत होतं.

"आता खरं कारण सांग," त्या म्हणाल्या.

मग मी शाळेतली, चौथीच्या वर्गातली गोष्ट सांगितली. ती मी दादारावांनाही कधी सांगितलेली नाही. भंडारा जिल्ह्यात आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले होते. मी एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हटला. साहेब शाबास म्हणून गेले. ते गेल्यावर गुरुजींनी मला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, पाढे म्हणतेस, पण तुमच्या घरात मोजायला आहे काय? वर्ग हसला. मीही हसले, काय करावं ते कळलं नाही म्हणून. घरी आले तर बाबांनी विचारलं, साहेब काय म्हणाले? मी म्हटलं, शाबास म्हणाले. गुरुजींचं मी तेव्हाही गाळलं.

"ती तिसरी ओळ उतरवायला घेतली," मी मिस वर्लीनना म्हटलं, "आणि हात चालेना. तुमच्यासाठी गाळली असं मी स्वतःला सांगितलं. तुमच्यासाठी नव्हती."

मग मिस वर्लीननी गुरुवारचं सांगायला सुरुवात केली.

खोलीत तीन माणसं होती, एक कॅमेरा, आणि चष्मा लावलेली वाचणारी बाई. सुरुवात नीट झाली. मग त्या बाईनं आपल्या सपाट आवाजात त्या चार ओळी एकामागून एक वाचल्या, आणि मिस वर्लीनना पुढचं काही आठवेना. मिसेस प्रूइट नाही, खोली नाही, काही नाही. त्या दक्षिणेतल्या आपल्या गावी, ऑरेंजबर्गच्या बुटांच्या दुकानात होत्या, सात वर्षांच्या. तिथं काळ्या लोकांना बूट पायात घालून बघायची मुभा नव्हती. मिस आर्लीथा घरी मुलीचा पाय खाकी कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखायच्या, कापायच्या, आणि तो कागद दुकानात न्यायच्या. त्या दिवशी दुकानदारानं कागद उलटासुलटा केला आणि आईला काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मिस वर्लीननी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की आईनं उत्तर द्यायला फार वेळ घेतला आणि मग अगदी हलक्या आवाजात बुटाचा नंबर सांगितला.

"मग माझं तोंड उघडलं," मिस वर्लीन म्हणाल्या, "आणि आपण पाठ केलं होतं तसंच निघालं. तुझ्या सभ्य पोलिसाला दिलेलं उत्तर. दुसरं माझ्याकडं नव्हतंच."

एक जण म्हणाला, बाई ओळ विसरली. दुसरीनं त्याला थांबवलं आणि विचारलं, मधे एवढा वेळ तुम्ही काय करत होता?

"मी म्हटलं, दहापर्यंत मोजत होते. सार्जंटच्या कानाखाली बसू नये म्हणून." आता त्या खरंच हसल्या. "सगळे हसले. गणिताची शिक्षिका ना मी. काल फोन आला. मंगळवारी परत बोलावलंय. मी आणि आणखी दोघी. ती प्रश्न विचारणारी बाई म्हणाली, या वेळीही अगदी तसंच करा."

मी बोलून गेले, म्हणजे चांगलंच झालं की.

मिस वर्लीन म्हणाल्या, तसंच कसं करणार? गुरुवारी मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे. न कळता एकदा होतं. मंगळवारी त्या चार ओळी येणार हे मला रेल्वेत बसल्यापासून माहीत असेल, आणि मी एकतर रडेन, नाहीतर दात खाऊन उत्तर देईन. रडणाऱ्या आया मी चार केल्या आहेत. त्यांना नाव देत नाहीत.

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. फॅक्सची तीच पानं, उतरवून झाल्यावर मी त्यांना परत दिलेली. माझ्या पिशवीतून वही आणि पेन त्यांनी स्वतःच काढलं, कोरं पान उघडलं, आणि सगळं माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुझ्या अक्षरात लिही," त्या म्हणाल्या. "चारही ओळी, तो शेवटचा शब्दसुद्धा. आणि इथून पुलापर्यंत तीन मैल मला वाचून दाखव, तुझ्या त्या रेल्वेच्या आवाजात, पुन्हा पुन्हा. त्यांच्याकडून ऐकायच्या आधी मला ते अशा कुणाकडून तरी ऐकायचंय, जिच्या मनात ते नाही. काही गाळू नकोस, मिस रमा. आणि माझ्याकडं बघून वाच."